पेठेत मोठं साखळी दुकान येतंय : हरकत नेमकी कशावर घ्यायची?

पेठकरी :

मंडळी, नमस्कार. आमच्या सोलापुरात नवी पेठ ते मधला मारुती या पट्ट्यात तीन जुने वाडे एकत्र करून तिथं मोठं साखळी दुकान उभं करायच्या हालचाली चालू आहेत. जागा साधारण २,४०० चौरस मीटर. तळघर, तळमजला आणि वर दोन मजले. किराणा, कपडे, भांडी, चपला सगळं एका छताखाली. तळघरात ६० मोटारी आणि २०० दुचाकी लागतील असं सांगतात. समोरचा रस्ता विकास आराखड्यात १२ मीटर दाखवलाय, जागेवर मात्र कुठं साडेसात, कुठं नऊ. वाड्यांच्या दर्शनी बाजूला १४ जुनी दुकानं आहेत, सगळी पागडीची. दारात फुलं, फळं, बांगड्या विकणाऱ्या बायका पिढ्यान्पिढ्या बसतात.

बैठकीत निवेदनाचा मसुदा ठरला, त्यातला मुख्य मुद्दा ‘आमचा धंदा बुडेल’ हा. एवढ्यावर काम थांबेल का? नसेल तर कुठल्या कागदाच्या मागं लागायचं, कुणाकडं आणि किती दिवसांत? अजून जागेवर कुदळ पडलेली नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

नकाशाआधी :

मालक, तो मसुदा आधी बदला. ‘धंदा बुडेल’ हे खरं असलं तरी कायद्यात त्याला किंमत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९७५ सालीच जसभाई मोतीभाई देसाई प्रकरणात सांगितलंय की शेजारी नवा स्पर्धक आला म्हणून जुन्या धंदेवाल्याला त्याच्या परवान्याविरुद्ध दाद मागता येत नाही. ते प्रकरण सिनेमा थिएटरचं होतं, पण तत्त्व तुम्हाला जसंच्या तसं लागू पडेल आणि समोरचा वकील पहिल्याच तारखेला ते काढेल. उलट १९७४ च्या के. रामदास शेणॉय प्रकरणात, उडुपी नगरपालिकेनं रहिवासी भागात नियम डावलून थिएटरला परवानगी दिली तेव्हा, तिथल्या रहिवाशाला दाद मागायचा हक्क आहे असं त्याच न्यायालयानं मानलं आणि परवानगी टिकली नाही. दोन्ही प्रकरणं थिएटरचीच. एक स्पर्धक म्हणून गेला, दुसरा नियम मोडल्याची झळ बसलेला रहिवासी म्हणून. तुम्ही दुसऱ्या वाटेनं जा. निवेदनावर व्यापाऱ्यांबरोबर त्या गल्लीत राहणाऱ्या दहा-वीस घरांच्या सह्या हव्यातच, आणि पहिली सही रहिवाशाची.

आता वेळेचं. बऱ्याच जणांची समजूत असते की नकाशा मंजूर होण्याआधी वर्तमानपत्रात जाहिरात येईल, ३० दिवस मिळतील, मग हरकत घेऊ. तसं नसतं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली बांधकाम परवानगीचा अर्ज होतो, कलम ४५ खाली तो मंजूर किंवा नामंजूर होतो, आणि या सगळ्यात शेजाऱ्यांच्या हरकती मागवायची तरतूदच नाही. ६० दिवसांत उत्तर गेलं नाही तर अर्जदार मानीव परवानगीवर, म्हणजे ‘उत्तर नाही म्हणजे मंजूर’ यावर, बोट ठेवू शकतो. जाहीर हरकती फक्त आराखड्यातच बदल होणार असेल तेव्हा मागवतात, म्हणजे कलम ३७ चा फेरबदल वगैरे. त्यामुळं वाट बघत बसलात तर हातात येईल ते थेट प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम सुरू करायचा परवाना.

म्हणून आजच दोन कामं करा. नगर भूमापन कार्यालयातून तिन्ही सिटी सर्व्हे नंबरांची मालमत्ता पत्रकं काढा. एकत्रीकरण झालंय की नुसतं बोलणं चाललंय, बोजा कुणाचा, कुळांची नोंद आहे का, हे त्यातच दिसतं. आणि महापालिकेच्या नगररचना विभागातून त्याच नंबरांचा झोन दाखला (जागा आराखड्यात कुठल्या वापराची आहे त्याचा) आणि आराखड्याचा भाग नकाशा घ्या. ही दोन्ही कागदपत्रं कुणालाही मिळतात, कारण विचारत नाहीत.

मग माहिती अधिकार. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, आणि आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे मजकूर १५० शब्दांच्या आत. इथंच बहुतेक अर्ज पडतात. रस्ता, अग्निशमन, पार्किंग, पागडी सगळं एका अर्जात कोंबलं की एकापेक्षा जास्त विषय म्हणून परत येतो. चार वेगळे अर्ज करा. नकाशाच्या अर्जात ‘माहिती द्या’ असं मोघम लिहू नका. ‘अमुक सिटी सर्व्हे नंबरवरील बांधकाम परवानगीच्या फाइलचे अवलोकन करावयाचे आहे व निवडलेल्या पानांच्या प्रती हव्या आहेत’ असं लिहा. अवलोकनाचा पहिला तास फुकट असतो आणि फाइलच्या टिप्पणीची पानं डोळ्यांनी बघता येतात. कनिष्ठ अभियंत्यानं स्थळपाहणीत रस्ता किती मीटर लिहिलाय ते त्या टिप्पणीत असतं. तुमच्या सगळ्या प्रकरणाचा जीव त्या एका आकड्यात आहे. त्रयस्थ व्यक्तीची माहिती म्हणून अडवलं तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करा, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प.

रस्त्याच्या मुद्द्यावर मात्र एक मोठा धोका आहे, तो ध्यानात ठेवा. राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू आहे. तिच्यात कुठल्या वापराला किती रुंद रस्ता हवा याची कोष्टकं आहेत, आणि रुंदी मोजताना ‘अस्तित्वातील किंवा प्रस्तावित’ अशी भाषा आहे. तुमचा रस्ता जागेवर साडेसात असला तरी आराखड्यातले १२ मीटर दाखवून परवानगी मागतील. त्यावर तुम्ही रागानं ‘रस्ता अरुंद आहे, आधी रुंद करा’ असं लिहून दिलंत तर स्वतःच्या हातानं पेठ पाडाल. महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची नियमित रेषा आखली की दोन्ही बाजूंच्या जुन्या दुकानांचे दर्शनी भाग, ओटे, लाकडी माड्या सगळं त्या रेषेत जातं. दुकान एकाचं, तोडफोड शंभर जणांची. तेव्हा निवेदनात एकच वाक्य आणि तेच शब्द: ‘रस्ता प्रत्यक्ष अरुंद आहे आणि पेठेचं रूप राखायचं तर तो अरुंदच राहणार आहे, म्हणून या जागेवरचा वापर त्या रस्त्याला झेपेल एवढाच ठेवावा.’ जोडीला माहिती मागा की प्रस्तावित रुंदीपैकी किती मीटर जागा महापालिकेच्या प्रत्यक्ष ताब्यात आलेली आहे.

टेप आणि पेन्सिल :

वरच्या मुद्द्याला जोडून मोजणीचं लिहितो, कारण ‘वाहतूक कोंडी होईल’ हे वाक्य प्रत्येक निवेदनात असतं आणि प्रत्येक वेळी ते फायलीत झोपतं. आकडे द्या, तरच ते जागं राहतं.

रुंदी मोजताना ३० मीटरची फायबर टेप घ्या. वाड्याच्या समोरच्या पूर्ण लांबीत, आणि पुढं मुख्य रस्त्याला मिळेपर्यंत, दर १० मीटरवर मोजा. प्रत्येक ठिकाणी दोन मापं लिहा: जोत्यापासून जोत्यापर्यंत, आणि गटारीच्या आतल्या कडेपासून समोरच्या आतल्या कडेपर्यंत. दुसरं माप हेच गाडीला मिळणारं खरं माप. विजेचा खांब, विजेची डीपी (पेटी), मंदिराचा कट्टा, झाड जिथं रस्त्यात येतं तिथं तिसरं माप. टेप जमिनीला टेकलेली आणि दोन्ही टोकं दिसतायत असा फोटो प्रत्येक ठिकाणी घ्या, फोटोत दुकान क्रमांक किंवा पाटी यायला हवी. सगळ्यात अरुंद जागा कुठली ती नकाशावर लाल करा. अग्निशमनची गाडी सरासरी रुंदीतून जात नाही, सगळ्यात अरुंद जागेतून जाते.

वाहनमोजणी चार वेळा करा: एखादा साधा बुधवार, शनिवार-रविवारची संध्याकाळ, मंगळवार (बाजाराच्या दिवशी आजूबाजूचे सगळे रस्ते तुंबतात म्हणून), आणि सणाच्या आधीचा आठवडा. संध्याकाळी ५ ते ९, पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे, चौकाच्या प्रत्येक तोंडाला दोन माणसं. दुचाकी, रिक्षा, मोटार, छोटा टेंपो, ट्रक, हातगाडी अशी वेगवेगळी घरं पाडून दांड्या मारायच्या. नंतर त्यांचं मोटार-एककात, म्हणजे एका मोटारीला १ धरून, रूपांतर करायचं. भारतीय रस्ते परिषदेच्या १९९० च्या शहरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत (आयआरसी १०६) एकूण वाहतुकीत एखादा प्रकार १० टक्के किंवा जास्त असेल तर दुचाकी ०.७५, रिक्षा २, छोटा टेंपो २, ट्रक ३.७, हातगाडी ३ असे गुणक आहेत. पाच टक्क्यांच्या आसपास असेल तर कमी गुणक आहेत, दुचाकी ०.५, रिक्षा १.२, ट्रक २.२, हातगाडी २. पेठेत दुचाकी आणि रिक्षा जास्तच भरतात, पण ट्रक आणि हातगाडीला ३.७ आणि ३ डोळे झाकून लावू नका, नाहीतर समोरचा सल्लागार तेवढं एक चुकीचं पान काढून पूर्ण मोजणी खोटी ठरवेल. दांड्या मारलेले मूळ कागद सह्या-तारखेसह जपून ठेवा.

आता त्यांचं पार्किंग. ६० मोटारी म्हणजे २.५ बाय ५ मीटरचे ६० कप्पे, नुसत्या कप्प्यांचेच ७५० चौरस मीटर. वळायची-यायची वाट धरली की एका मोटारीला २५ ते ३० चौरस मीटर लागतात, म्हणजे १,५०० ते १,८००. दुचाकीचा कप्पा १ बाय २, वाटेसह ३ चौरस मीटर धरा, २०० दुचाक्यांचे ६००. झाले २,१०० ते २,४००. पूर्ण जागाच २,४०० ची. तीतून बाजूची मोकळी जागा सोडायची, जिना-लिफ्ट, पाण्याच्या टाक्या, पंप, विजेचे पॅनेल हे पण तळघरातच येणार. शिवाय उतार: तळघर ३ मीटर खोल आणि १ ला ८ चा उतार धरला तर २४ मीटर लांबीची घसरण लागते, एवढी लांबी कुठून काढणार ते नकाशात बघा. म्हणजे सांगितलेला आकडा कागदावर बसवला असेल तर कुठंतरी वाट अरुंद केलेली असणार किंवा खांब कप्प्यात आलेला असणार. मंजूर नकाशाची प्रत हातात आली की स्केलनं प्रत्येक कप्पा मोजा.

पुढं काय बिघडतं तेही सांगतो. पहिल्या वर्षी तळघर पार्किंगला राहतं. मग माल वाढतो, अर्ध्या तळघरात खोकी येतात, जाळी बसते, आणि गाड्या पेठेत. तेव्हा अट अशी मागा: माल उतरवायची जागा इमारतीच्या आत, तळमजल्यावर, नकाशात मापासह दाखवलेली. गोदामाचं क्षेत्र वेगळं दाखवलेलं. पार्किंगच्या तिकिटाचं यंत्र फाटकावर नाही तर आत, निदान तीन मोटारी रांगेत उभ्या राहतील एवढं, म्हणजे १८ मीटर आत.

ट्रकचा हिशेब सगळ्यात सोपा आणि सगळ्यात परिणामकारक. साखळी दुकानाचा माल प्रादेशिक गोदामातून ३२ फुटी कंटेनरनं येतो. केबिनसकट ती गाडी ११-१२ मीटर भरते. साडेसात मीटरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना दुचाक्या लावलेल्या असताना ती काटकोनात आत वळूच शकत नाही. चौकाच्या कोपऱ्यांची मापं घेऊन १२ मीटर त्रिज्येचा कागदी वर्तुळखंड भाग नकाशावर त्याच स्केलनं ठेवा, कुणाचा ओटा कापला जातो ते लगेच दिसतं. तो कागद निवेदनाला जोडा.

आणि गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा विसरू नका. जानेवारीत ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाला नंदीध्वज गावठाणातूनच फिरतात. तुमचा रस्ता त्या मार्गावर किंवा त्याला मिळणारा असेल तर त्या दिवसांत तिथं कंटेनर, क्रेन, काँक्रीटची गाडी काहीही आणता येणार नाही. दरवर्षी वाहतूक बदलाचे जे आदेश पोलीस आयुक्तालय काढतं त्यांच्या प्रती मिळवा. सरकारी कागदच सांगेल की या रस्त्यावर जड वाहन चालत नाही.

पेठकरी :

दोघांचेही मनापासून आभार. मोजणीची माणसं उद्याच ठरवतो. तीन गोष्टी राहतात. पागडीच्या १४ दुकानदारांना तोंडी ‘महिनाभरात बघा’ असं सांगितलंय, आणि एका वाड्याला धोकादायक ठरवायची खटपट चालू आहे म्हणतात. शेजारचे वाडे माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे आहेत, तळघर खोदलं तर ते उभे राहतील का? आणि काही जण म्हणतात, परदेशी कंपनी असेल तर सोलापूरला परवानगीच नाही, त्यात तथ्य किती?

कुळांची बाजू :

पेठकरी, तुमच्या लढ्याचा खरा कणा हे १४ दुकानदार आहेत. रस्ता, पार्किंग यावर वर्षभर वाद घालता येईल, पण कुळं उठली नाहीत तर जागा मोकळीच होत नाही. म्हणूनच पहिला दाब त्यांच्यावर येतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ त्यांना लागू आहे. तोंडी सांगण्याला काही अर्थ नाही. पाडून नवीन बांधायचं या कारणासाठी घरमालकाला कलम १६ खाली दावा लावावा लागतो, आणि त्याच्याकडं पैशाची तरतूद आणि तयार नकाशे आहेत हे कोर्टाला पटवावं लागतं. तोवर भाडं थकू देऊ नका. भाडं घेईना झाले तर मनीऑर्डर पाठवा, नाकारलेली मनीऑर्डर परत आली की ती पावती जपून ठेवा. दर महिन्याला, न चुकता. थकबाकीच्या नोटिशीनंतर ९० दिवसांत भाडं भरलं तर त्या कारणानं दावा चालत नाही, पण ती वेळच येऊ देऊ नये. पोटभाडेकरू ठेवलेला असेल, परवानगीशिवाय पोटमाळा किंवा पक्की भिंत घातली असेल तर तीच फट समोरचा शोधणार. आधी वकिलाला खरं सांगा.

धोकादायक इमारतीचा मार्ग जास्त घातक, कारण तो वेगानं चालतो. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली नोटीस येते, वीज-पाणी तुटतं आणि एका आठवड्यात दुकानदार रस्त्यावर येतो. नोटीस यायच्या आधीच कुळांनी मिळून स्वतंत्र संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी. नुसता ‘इमारत ठीक आहे’ असा दाखला चालत नाही. कुठल्या तुळया कुजल्या, कुठली भिंत फुगली, कुठल्या दुरुस्तीनं किती काळ टिकेल, खर्च किती, हे फोटोसह हवं. दुरुस्ती होण्याजोगी असेल तर ती करायची लेखी परवानगी मागा, म्हणजे हेतू स्पष्ट होतो. आणि इमारत खरोखरच पडायला झाली असेल तर तिथं हट्ट करू नका, खाली माणसं उभी असतात. पण बाहेर पडण्याआधी प्रत्येक गाळ्याचं मोजमाप, मजला, दर्शनी लांबी याचा पंचनामा महापालिकेच्या अभियंत्याच्या सहीनं घ्या. इमारत पडली म्हणून कुळाचा हक्क पडत नाही, पण मोजमाप नसेल तर तो सिद्ध करता करता दहा वर्षं जातात. सह्या एकेकट्यानं करू नका. १४ पैकी चार जणांना जास्त पैसे देऊन फोडणं ही नेहमीची रीत आहे. आपसात लेखी ठराव करा, की कुठलाही देकार सगळ्यांसमोर उघडेल.

दारात बसणाऱ्या बायकांचं. पथविक्रेता अधिनियम, २०१४ च्या कलम ३ प्रमाणे सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणालाही उठवता येत नाही. त्याच कायद्याच्या अनुसूचीत असंही आहे की जिथं ५० वर्षांहून जास्त काळ विक्रेते धंदा करतायत तो स्वाभाविक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर व्हावा आणि तिथले विक्रेते हलवू नयेत. नगर पथविक्रेता समितीकडं तसा अर्ज द्या. पुरावा म्हणून जुने फोटो, महापालिकेच्या बैठे शुल्काच्या जुन्या पावत्या, वृद्ध ग्राहकांची प्रतिज्ञापत्रं चालतील. दुकानदार आणि पथारीवाले एरवी ओट्यावरून भांडतात, या कामात ते एका अर्जावर आले पाहिजेत. त्या बायकांच्या हातात जो कायदा आहे तो पक्क्या दुकानदाराच्या हातात नाही.

नकाशाआधी :

तळघराचं मी लिहितो. माळवदाच्या वाड्याचा पाया फार खोल नसतो, रुंद दगड-मातीची भिंत मुरमावर टेकलेली असते. शेजारी साडेतीन-चार मीटर सरळ खड्डा घेतला की मुरमाला बाजूचा आधार राहत नाही आणि भिंत खड्ड्याकडं कलते. पहिल्या पावसात माती धुतली की जास्तच. शिवाय खाली काळा पाषाण लागला की ब्रेकर चालतो, त्याच्या हादऱ्यानं मातीचे सांधे सुटतात. माळवदाचं वजन मुळातच जास्त, तुळई जराशी सरकली की छत खाली.

उपाय आहे आणि तो मागायचा हक्क आहे. खोदाईआधी शेजारच्या सगळ्या वाड्यांची छायाचित्रासह पाहणी, दोन्ही बाजूंच्या सह्यांनी. हद्दीपासून खड्डा किती अंतर सोडून घेणार आणि आधारभिंत कशी, याचं संरचना अभियंत्याचं रेखाचित्र. सुरुंग बंदी. असलेल्या भेगांवर काचेच्या अरुंद पट्ट्या सिमेंटनं आडव्या चिकटवून त्यावर तारीख टाका, भेग हलली की काच तडकते. याहून स्वस्त पुरावा नाही. हे सगळं खोदाई सुरू व्हायच्या आधी, कारण नंतर ‘भेग जुनीच होती’ हे एकच उत्तर मिळतं.

परदेशी कंपनीबद्दल. ऐकीव गोष्टीवर निवेदन उभं करू नका. २०१२ च्या धोरणानं बहुब्रँड किरकोळ दुकानात ५१ टक्क्यांपर्यंत परकी गुंतवणूक सरकारी मंजुरीनं चालते, निदान १० कोटी डॉलर आणायचे, ३० टक्के खरेदी देशातल्या लहान उद्योगांकडून, आणि दुकानं १० लाखांहून मोठ्या शहरांत. सोलापूर महापालिकेची २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ९,५१,५५८, म्हणून ही समजूत पसरली. पण त्याच धोरणात राज्य सरकार इतर शहरं निवडू शकतं, आणि महाराष्ट्रानं या धोरणाला संमती दिलेली आहे. शिवाय कंपनी पूर्ण भारतीय मालकीची असेल तर यातलं एकही बंधन तिला लागत नाही. तेव्हा हा मुद्दा सोडून द्या. एकच गोष्ट तपासा: ‘घाऊक’ म्हणून परवाने घेतले असतील आणि कंपनीत परकी भांडवल असेल, तर तिला फक्त व्यापारी, संस्था अशा नोंदणीकृत ग्राहकांना विकता येतं, घरगुती ग्राहकाला नाही. घरच्या माणसाला कार्ड वाटली जात असतील तर ती तक्रार टिकते.

किल्ल्याचं अंतरही मोजून घ्या. भुईकोट किल्ला केंद्र संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित हद्दीपासून १०० मीटर नवीन बांधकाम बंद आणि पुढच्या २०० मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते. तुमचा पट्टा ३०० मीटरच्या बाहेर असेल तर हा मुद्दा लिहूच नका. एक चुकीचा मुद्दा बाकीच्या नऊ खऱ्या मुद्द्यांचं वजन घालवतो.

चाटी गल्ली :

सगळं बरोबर आहे, पण ग्राहकाची बाजू इथं कुणी लिहिली नाही. माणसं तिकडं का जातात? छापील किंमत आणि खरी किंमत दोन्ही दिसतात, माल बदलून मिळतो, आणि बाईमाणसाला स्वच्छतागृह मिळतं. पेठेत तीन तास कपडे बघणाऱ्या गिऱ्हाइकाला स्वच्छतागृह कुठं आहे ते सांगता येत नाही. ही आपली चूक आहे, आणि ती तीन महिन्यांत सुधारता येते.

पन्नास-साठ दुकानांनी मिळून करायच्या गोष्टी लिहितो. पेठेच्या दोन टोकांना वापरण्याजोगं, रोज दोनदा धुतलं जाणारं स्वच्छतागृह, त्याचा माणूस वर्गणीतून. सगळ्या दुकानांत एकच लेखी नियम: बिल असेल तर ७ दिवसांत बदल. दुकानदार आणि नोकरांच्या दुचाक्या दुकानासमोर लावायच्या नाहीत, कारण सकाळी दहाला सगळ्यात पुढची जागा आपणच अडवतो. एका दुकानामागं तीन गाड्या धरल्या तरी साठ दुकानांच्या १८० होतात, म्हणजे त्या तळघरातल्या दुचाक्यांएवढी जागा आपल्याच हातात आहे. पिशव्या ठेवायला एक सामाईक खोली. माल उतरवायची वेळ सकाळी ९ च्या आत.

किराण्याचं गणित वेगळं. नावाजलेल्या कंपनीच्या साबण-बिस्किटावर छोट्या दुकानदाराला दहा टक्क्यांच्या आसपासच सुटतं, आणि साखळीवाला वितरकाला वगळून थेट कंपनीकडून उचलतो. त्या मालात भावानं लढू नका, हरणार. दहा-पंधरा किराणा दुकानदारांनी तेल, साखर, डाळ, तांदूळ एकत्र उचलावं, एकाच गाडीचं भाडं, रोखीची सूट वाटून. आणि जे तिकडं मिळत नाही ते पुढं मांडा: सुटी शेंगा चटणी, निवडलेली ज्वारी, कडक भाकरी, मापानं मिळणारा मसाला, उधारीचं खातं.

चादरीचं खास लिहितो. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक निर्देशांक आहे. मोठ्या दुकानात ‘सोलापुरी’ नावाखाली बाहेरचा छापील माल विकला जातो का ते पहिल्या दिवसापासून बघा. बिल, लेबलचा फोटो आणि एक नग घेऊन ठेवा. जॅकार्डवर विणलेल्या चादरीची नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते, मागच्या बाजूला रंगांची उलटापालट असते. छापलेल्या कापडाची मागची बाजू फिकी पडते. नोंदणीधारक संस्थेला असा पुरावा दिला तर कारवाई करता येते. यंत्रमागावरच्या माणसाचं पोट या एका नावावर आहे.

नकाशाआधी :

चाटी गल्लींशी पूर्ण सहमत. स्वच्छतागृह आणि दुचाक्यांचा ठराव निवेदनाला जोडा, अधिकाऱ्यावर त्याचा फार चांगला परिणाम होतो.

शेवटचं, पुढच्या क्रमाचं. निवेदन आयुक्तांच्या नावे, प्रती नगररचना विभाग, मुख्य अग्निशमन अधिकारी आणि वाहतूक पोलीस यांना. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांकाचा शिक्का आपल्या प्रतीवर घ्या. अग्निशमनकडं वेगळं पत्र द्या, त्यात सगळ्यात अरुंद जागेचं माप आणि फोटो. २००६ च्या आग प्रतिबंधक अधिनियमाखाली आधी प्राथमिक आणि बांधकाम झाल्यावर अंतिम दाखला लागतो, आणि पुढं दर जानेवारी-जुलैला परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र. म्हणजे बोलायची संधी एकदाच नाही.

परवानगी नियमाविरुद्ध दिलेली दिसली तर नगररचना अधिनियमाच्या कलम ५१ खाली ती रद्द करायची मागणी करा. पण ते कलम झालेल्या बांधकामाला हात लावत नाही, म्हणून जोते तपासणीच्या (जोत्यापर्यंत काम आल्यावर होते ती) आधी हलायचं. दिवाणी कोर्टात धावू नका, या आदेशांना तिथं आव्हान देता येत नाही असं सांगणारं नगररचना अधिनियमाचं कलम १४९ आडवं येतं आणि महापालिकेला महापालिका अधिनियमाच्या कलम ४८७ ची महिन्याची नोटीस द्यावी लागते, त्यात खड्डा पूर्ण होतो. उच्च न्यायालयात रिट हा मार्ग. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्हा कोल्हापूरच्या सर्किट बेंचला जोडलेला आहे, मुंबईला जायची गरज नाही. जनहित याचिका करू नका, कारण व्यापाऱ्यांचा स्वतःचा संबंध आहे आणि तिथं तो लपवता येत नाही. शेजारचा वाडेकरी आणि एक-दोन कुळं यांनी सरळ स्वतःच्या हक्कासाठी रिट करावी.

आणि दूरचा उपाय याच महिन्यात सुरू करा. पेठेचा हा पट्टा वारसा परिसर म्हणून यादीत घ्यावा आणि तिथं एका दुकानाच्या कमाल क्षेत्राला, दर्शनी भागाच्या उंचीला मर्यादा असावी, यासाठी कलम ३७ चा फेरबदल मागता येतो. महापालिका हलली नाही तर ३७ च्या १कक पोटकलमाखाली राज्य सरकार स्वतः करू शकतं. त्यासाठी प्रत्येक वाड्याचं एक पान तयार करा: फोटो, अंदाजे वय, लाकडी खांब-कमानी-माळवद यांची नोंद, खालचे धंदे. साठ वाड्यांची साठ पानं. वास्तुशास्त्र शिकणारी मुलं मिळाली तर दोन आठवड्यांत होतात.

टेप आणि पेन्सिल :

मोजणीला जाताना एक सांगायचं राहिलं. टेप उन्हात सैल पडते, दोघांनी ताणून धरा आणि तिसऱ्यानं वाचा. प्रत्येक माप मोठ्यानं दोनदा बोलून मगच लिहायचं. दुकान बंद असताना सकाळी सातला मोजा, गाड्या आणि मांडलेला माल आड येत नाही, आणि मग संध्याकाळी सातला त्याच जागी परत मोजा. त्या दोन मापांतला फरकही निवेदनात वेगळ्या रकान्यात द्या.